रोजचं मीठ आयोडीनचंच हवं, शेवेतलंसुद्धा

इंदुरातल्या मराठी घरांत ओट्यावरचा मिठाचा डबा बदलू लागला आहे. पूर्वी त्यात पाकिटातलं बारीक पांढरं मीठ असे आणि शेंदेलोण उपवासापुरतं, वेगळ्या बरणीत, वरच्या फळीवर. आता रामचंद्रनगरच्या किंवा सुदामानगरच्या एखाद्या भिशीत मिठाचा विषय काढून बघा. 'आम्ही तर बाई रोजच सेंधा वापरतो, पाकिटातलं कधीच बंद केलं,' असं सांगणाऱ्या दोघी-तिघी तरी निघतातच. कुणाकडे गुलाबी, कुणाकडे खड्याचं, कुणाकडे 'नैसर्गिक' असं छापलेलं महागडं. कारण विचारलं तर बहुतेक वेळा एकच उत्तर येतं: आयोडीनच्या मिठानेच घरोघरी थायरॉइड झालाय.

हे कारण चुकीचं आहे. ही चूक मीठ निवडणाऱ्यापुरती राहत असती तर मी हा लेख लिहिला नसता. पण तिचा सगळ्यात मोठा भुर्दंड ज्याला पडतो, त्याला निवडीचा अधिकारच नसतो, कारण त्याचा अजून जन्म व्हायचा असतो. म्हणून माझं म्हणणं असं की मिठातलं आयोडीन ज्याच्या-त्याच्या आवडीवर सोडू नये. आयोडीनची सक्ती करणारा कायदा टिकला पाहिजे आणि त्याला पडलेली दोन खिंडारं बुजवली पाहिजेत. एक खिंडार बारमाही शेंदेलोणाचं, दुसरं फरसाणाचं. दुसरं बुजवायची सुरुवात इंदूरनेच करावी, कारण शेव-नमकीनचं गाव म्हणून आपण मिरवतो.

आधी गरज किती ते पाहू. मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं. सत्तर वर्षांचा हिशेब केला तरी चार ग्रॅमच्या आतच बेरीज येते. पण ते शरीरात तयार होत नाही, अन्नातूनच यावं लागतं. थायरॉइड ग्रंथी जे थायरॉक्सिन बनवते, त्याच्या एकेका रेणूत आयोडीनचे चार अणू असतात. आयोडीन नसेल तर हे संप्रेरक बनतच नाही, मग ग्रंथी रक्तातलं उरलंसुरलं आयोडीन ओढून घेण्यासाठी फुगत जाते. तोच गलगंड. आयोडीन मुळात जमिनीत असतं. पाऊस आणि पूर ते युगानुयुगं धुऊन समुद्रात नेत आले, म्हणून समुद्रातल्या मासळीत ते मुबलक मिळतं. कोकणातल्या आपल्या नातेवाइकांच्या ताटात बांगडा असतो. होळकरांच्या काळापासून माळव्यात रुजलेल्या आणि मासळी न खाणाऱ्या घरांना तो आधार नाही. दुधातून थोडं मिळतं, पण जनावराच्या चाऱ्यात असेल तेवढंच. बाकी भरवसा मिठावर. गलगंड हा हिमालयाच्या पायथ्याचा रोग, आपल्याकडे त्याचं काय, असं समजणाऱ्यांनी एक सरकारी आकडा लक्षात ठेवावा: देशात पाहणी झालेल्या ४१४ जिल्ह्यांपैकी ३३७ जिल्ह्यांत आयोडीनच्या कमतरतेचे विकार आढळले. एकही राज्य त्यातून सुटलेलं नाही.

शेंदेलोण प्राचीन समुद्र आटून झालेलं आहे, तेव्हा त्यात आयोडीन असणारच, असा युक्तिवाद मी अनेकदा ऐकला आहे. तो वरवर पटतोही. प्रत्यक्षात मिठाचा खडा बनताना समुद्राच्या पाण्यातलं आधीच अत्यल्प असलेलं आयोडीन त्यात जवळपास उतरतच नाही. मिठागरातल्या साध्या मिठाचीही हीच गत आहे, म्हणूनच त्यात वरून पोटॅशियम आयोडेट मिसळावं लागतं. भारतात अनेक वर्षं सर्वाधिक शेंदेलोण आलं ते पाकिस्तानातल्या खेवड्याच्या खाणीतून. त्याचा गुलाबी रंग लोहाच्या अंशाचा असतो. त्यातल्या इतर खनिजांचं प्रमाण इतकं किरकोळ असतं की मीठ म्हणून खाण्याच्या मात्रेत त्यांचा काही उपयोग होत नाही.

उपवासाला माझा विरोध नाही, हे स्पष्ट सांगते. एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्राचे नऊ दिवस शेंदेलोण खाऊन कुणाचंही आयोडीन तुटत नाही. निरोगी थायरॉइड कित्येक आठवडे पुरेल इतका साठा बाळगून असते. परंपरेने शेंदेलोणाला दिलेली जागा उपवासापुरती होती आणि ती योग्यच होती. ते रोजचं झालं, तिथून अडचण सुरू झाली.

आता पोटातल्या बाळाकडे वळू, कारण सगळा वाद शेवटी तिथे येऊन ठेपतो. गर्भाची स्वतःची थायरॉइड साधारण बाराव्या आठवड्यानंतर कामाला लागते. तोवर मेंदूची जी घडण होते, ती पूर्णपणे आईच्या थायरॉक्सिनवर. पुढेही बाळाला लागणारं आयोडीन आईकडूनच यायचं असतं, म्हणून जागतिक आरोग्य संघटना गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रीला रोज २५० मायक्रोग्रॅम सांगते. घरात गोड बातमी कळते तेव्हा बहुधा सहा-आठ आठवडे उलटून गेलेले असतात. 'दिवस राहिले की बदलू मीठ' हा बेत त्यामुळे उपयोगाचा नाही. सून घरात येते तेव्हा डब्यात जे मीठ असतं, त्यावरच तिच्या शरीरातला साठा ठरत जातो.

कमतरता तीव्र असेल तर परिणाम भयंकर होतात: मूकबधिर, खुरटलेली, मतिमंद मुलं. १९८०च्या दशकात उत्तर प्रदेशच्या तराईत गोंडा, गोरखपूर, देवरिया या जिल्ह्यांत नवजात बाळांच्या नाळेतलं रक्त तपासलं गेलं, तेव्हा जन्मतः थायरॉइड कमी असलेल्या बाळांचं प्रमाण दिल्लीच्या कित्येक पट निघालं. इंदुरातल्या सुखवस्तू घरात असं टोक दिसणार नाही. पण सौम्य कमतरतेचं काय? याचं उत्तर इंग्लंडातून आलं. तिथे मीठ आयोडीनयुक्त करण्याचा कायदा नाही. ब्रिस्टल परिसरातल्या सुमारे हजार स्त्रियांचे गरोदरपणीचे लघवीचे नमुने जपून ठेवलेले होते. ते तपासून त्यांच्या मुलांच्या चाचण्यांशी ताडून पाहिले आणि २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या आयांना आयोडीन कमी पडलं होतं, त्यांच्या मुलांची आठव्या वर्षीची शाब्दिक बुद्धिमत्ता आणि नवव्या वर्षीचं वाचन, दोन्ही मागे राहण्याची शक्यता जास्त आढळली. सधन देशातल्या, दूध पिणाऱ्या, डॉक्टरांकडे नियमित जाणाऱ्या बायका होत्या या.

याचा अर्थ शेंदेलोण खाणाऱ्या प्रत्येक आईचं मूल मंद होईल असा नाही. तसं कुणी सांगत असेल तर तो घाबरवतो आहे. परिणाम सबंध समाजावर पसरलेला असतो, एकेका मुलात तो ओळखू येत नाही. नेमकं याच कारणाने कुणाला तो टोचत नाही. मुलगा गणितात जरा मागे राहिला तर आपण शिकवणी लावतो. त्या मागे राहण्यात मिठाच्या डब्याचा वाटा होता का, हे कुठल्याही आईला कधीच कळणार नाही. आपलं नुकसान झालं हेच ज्याला कळू शकत नाही, तो स्वतःच्या बचावासाठी काय निवडणार?

हा सगळा कार्यक्रम परक्यांनी आपल्यावर लादला, असाही एक सूर ऐकू येतो. मग कांगडा खोऱ्याची हकिकत सांगायला हवी. १९५६ साली डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिमाचलातल्या या खोऱ्याचे तीन भाग केले. दोन भागांत आयोडीन मिसळलेलं मीठ पाठवलं, एकात साधंच. सुरुवातीला तिन्हीकडे शंभरातल्या जवळपास चाळिसांना गलगंड होता. काही वर्षांतच आयोडीनच्या दोन भागांत तो झपाट्याने घटला, तिसऱ्या भागात तसाच राहिला. मग त्या भागालाही १९६२ पासून आयोडीनचं मीठ देण्यात आलं, कारण फायदा डोळ्यांसमोर दिसत असताना लोकांना त्यापासून दूर ठेवणं योग्य नव्हतं. १९६८पर्यंत आयोडीनच्या भागांतलं प्रमाण नऊ टक्क्यांच्या आसपास आलं. भारतीय शास्त्रज्ञांनी भारतीय खोऱ्यात केलेलं हे काम जगभरच्या अभ्यासकांनी प्रमाण मानलं, आणि १९६२चा राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम त्यावरच उभा राहिला.

सक्ती काढून बघण्याचा प्रयोगही या देशाने केला आहे. थेट खाण्यासाठी बिनआयोडीनचं मीठ विकण्यावर मे १९९८ पासून देशभर बंदी आली. सप्टेंबर २००० मध्ये केंद्राने ती उठवली. भूमिका अशी की सार्वजनिक आरोग्याच्या बाबी समजून-उमजून केलेल्या निवडीवर सोडाव्यात. ऐकायला किती समंजस! १९९८-९९च्या पाहणीत पुरेसं आयोडीन असलेलं मीठ वापरणारी घरं ४९ टक्के होती. बंदी उठल्यानंतरच्या २००२-०४च्या पाहणीत ती ३० टक्क्यांवर आली. मे २००६ पासून बंदी पुन्हा लागू झाली, आणि २००९ पर्यंत प्रमाण ७१ टक्क्यांवर गेलं. २०१८-१९च्या राष्ट्रीय पाहणीत ते ७६ टक्क्यांच्या जरा वर होतं. निवडीवर सोडलं की काय होतं, हे जाणून घ्यायला आता आणखी प्रयोगाची गरज नाही. त्या मधल्या वर्षांत जन्मलेली मुलं आज विशीत आहेत.

सक्तीच्या विरोधात एक आक्षेप मात्र मला वजनदार वाटतो. ज्या देशात मिठासाठी सत्याग्रह झाला, तिथे सरकारने मिठावर अटी घालाव्यात का, आणि त्या अटींनी छोटा मिठागरवाला बुडत असेल तर? सर्वोच्च न्यायालयानेही २०११ मध्ये जुन्या भेसळ-प्रतिबंधक कायद्याखालचा बंदीचा नियम अधिकाराबाहेरचा ठरवला, पण बंदी लगेच उठली तर अनर्थ होईल हे ओळखून सरकारला सहा महिन्यांची मुदतही दिली. आज बंदी उभी आहे ती नव्या अन्नसुरक्षा कायद्याखालच्या नियमांवर. लहान मिठागरवाल्यांचं दुःख खरं आहे. त्यावरचा उपाय म्हणजे त्यांना आयोडीन मिसळण्याची यंत्रं सहकारी पद्धतीने मिळवून देणं. किलोमागे काही पैशांचाच हा खर्च आहे. तेवढा वाचवण्यासाठी मुलांच्या मेंदूची जोखीम घेणं मला कुठल्याच तत्त्वात बसताना दिसत नाही. दांडीचा लढा गरिबाला मीठ मिळावं यासाठी होता. आज गरिबाच्या मिठात आयोडीन असावं, ही मागणी मला त्याच वाटेवरची वाटते.

मग घरोघरी थायरॉइडच्या गोळ्या दिसतात त्या का? हा प्रश्न योग्य आहे, तो उडवून लावू नये. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या आठ शहरांच्या अभ्यासात प्रौढांपैकी जवळपास ११ टक्क्यांची थायरॉइड मंद असल्याचं आढळलं. याच अभ्यासात सुमारे २२ टक्क्यांच्या रक्तात थायरॉइडविरोधी प्रतिपिंडं सापडली. आयोडीन पुरेसं मिळणाऱ्या समाजात या दुखण्याचं मुख्य कारण हेच असतं: शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच ग्रंथीवर उलटते. बायकांत ते अधिक दिसतं आणि घराण्यात चालत येतं. तपासण्या वाढल्या, म्हणून पूर्वी 'अंग जड झालंय, सुस्ती येते' म्हणत दिवस काढणाऱ्या आज निदानापर्यंत पोचतात.

आयोडीनचा याच्याशी अजिबात संबंध नाही, असंही मी म्हणणार नाही. डेन्मार्कने २००० साली घरगुती आणि पावाच्या मिठात आयोडीन सक्तीचं केलं आणि आधीपासून नंतरपर्यंत बारकाईने मोजणी ठेवली. मंद थायरॉइडच्या केसेस काही प्रमाणात वाढल्या. दुसरीकडे गाठी, गलगंड आणि वय झालेल्यांमधली अतिसक्रिय थायरॉइड घटली. त्यांनी सक्ती मागे घेतली नाही. मंद थायरॉइड रक्ताच्या चाचणीत सापडते आणि रोजच्या एका गोळीने सांभाळता येते. गर्भात राहून गेलेली मेंदूची घडण कुठल्याही गोळीने भरून निघत नाही. दोन्ही पारड्यांत काय आहे हे पाहिल्यावर मला निर्णय अवघड वाटत नाही. ज्यांना गोळी चालू आहे त्यांनी ती रिकाम्या पोटी, चहाच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यावी, कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांशी चार तासांचं अंतर ठेवावं. तेवढ्यासाठी घरातलं आयोडीनचं मीठ बदलण्याची गरज नाही, कारण त्याच डब्यातून लेक आणि सूनही जेवतात.

आता इंदूरच्या खास खिंडाराकडे. कायदा बोलतो तो थेट खाण्याच्या मिठाबद्दल. टिकवण्यासाठी, औषधं बनवण्यासाठी आणि औद्योगिक वापरासाठी बिनआयोडीनच्या मिठाला लेबल लावून मुभा आहे. शेव, मिक्स्चर, पापड, लोणची बनवणाऱ्या कारखान्यातलं मीठ या सवलतीच्या आडोशाला सहज बसतं. आणि आपण इंदुरी लोक खातो काय? सकाळच्या पोह्यांवर मूठभर शेव, वर जीरावन मसाला, आणि त्या जीरावनातही पादेलोण नाहीतर शेंदेलोण. चारच्या चहाबरोबर फरसाण. रात्री सराफ्याच्या खाऊबाजारात गराडू म्हणजे तळलेला कंद, त्यावर पुन्हा जीरावन. आपल्याकडे डाळभातावरसुद्धा शेव पडते. साधा हिशेब करू. नियमाप्रमाणे ग्राहकाच्या हाती येणाऱ्या मिठात दर किलोला किमान १५ मिलिग्रॅम आयोडीन असायला हवं. दिवसाचं १० ग्रॅम मीठ सगळं तसं असेल तर १५० मायक्रोग्रॅम नेमके भरतात. त्यातलं ४ ग्रॅम बिनआयोडीनच्या नमकीनमधून आलं की उरतात ९०. घरात शेंदेलोण असेल तर जवळपास काहीच नाही.

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडने २००९ पासून पावासाठी आयोडीनचंच मीठ वापरण्याची सक्ती केली, कारण त्यांच्या लोकांच्या पोटात मीठ पावातून जातं. आपलं शेवेतून जातं. आयोडीनने पदार्थाचा रंग किंवा चव बिघडते ही भीती बहुतेक पदार्थांच्या बाबतीत चाचण्यांत टिकलेली नाही. तळताना थोडं आयोडीन उडतं, सगळं उडत नाही.

जाता जाता सोयाबीनबद्दल. राष्ट्रीय सोयाबीन संशोधन संस्था इंदुरातच आहे आणि सोयावड्या, सोयापीठ आपल्या स्वयंपाकात स्थिरावलं आहे. सोयातले काही घटक थायरॉइडच्या कामात अडथळा आणतात, पण तो जाणवतो आयोडीन अपुरं असतानाच. पुरेसं आयोडीन असलेल्याने सोया निःशंक खावा. म्हणजे इथेही प्रश्न फिरून मिठावरच येतो.

रक्तदाबाच्या रुग्णांना मी जास्त मीठ खा म्हणत नाही. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ सांगते, आणि खप कमी होईल तसं किलोमागचं आयोडीन वाढवावं, हेही तिच्याच २०१४च्या मार्गदर्शनात आहे. मीठ कमी, आयोडीन पुरेसं: दोन्ही एकदम साधतं, सरकारने खपाची आणि लघवीतल्या आयोडीनची मोजणी वेळोवेळी केली तर.

माझ्या मागण्या थोड्या आहेत. शेंदेलोण, गुलाबी, खड्याचं, कुठलंही बिनआयोडीनचं मीठ विकायचं असेल तर पाकिटाच्या दर्शनी बाजूला मोठ्या हिंदी अक्षरांत लिहिलेलं असावं की यातून शरीराला आयोडीन मिळत नाही, आणि गरोदर स्त्रीने ते रोज खाऊ नये. अमेरिकेत बिनआयोडीनच्या मिठावर आयोडीन मिळत नसल्याची सूचना छापावीच लागते, तिथे त्यावरून कुणाचा धंदा बसलेला नाही. केंद्राने नमकीन आणि पापडांच्या उत्पादनात आयोडीनचं मीठ सक्तीचं करावं, आणि तोवर इंदूरच्या नमकीनवाल्यांनी आपण होऊन ते वापरून पाकिटावर तसं छापावं. लग्न ठरलेल्या किंवा मूल हवं असलेल्या मुलीला डॉक्टरांनी फॉलिक अॅसिडबरोबर घरातल्या मिठाबद्दलही विचारावं.

आणि तपासणी. मिठात आयोडीन आहे की नाही हे सांगणारा छोटा संच आशाताईंकडे असतो. मिठावर एक थेंब टाकला की ते जांभळं-निळं होतं, आयोडीन नसेल तर रंग बदलत नाही. राष्ट्रीय कार्यक्रमात निवडलेल्या जिल्ह्यांत महिन्याला ५० नमुने तपासण्याबद्दल आशाताईला मिळतात २५ रुपये. हे मानधन लाज वाटावी इतकं कमी आहे, ते वाढलं पाहिजे. २०१७ पासून वर्षानुवर्षं देशातलं सगळ्यात स्वच्छ शहर ठरलेल्या इंदूरने दारोदार जाऊन ओला-सुका कचरा वेगळा करायला शिकवलं आहे. त्याच गल्ल्यांतून मिठाची तपासणी करणं या महापालिकेला जड जाऊ नये. आपल्या मराठी मंडळांनी तोवर वाट पाहत बसायचं कारण नाही. येत्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्रत्येकीने घरच्या डब्यातलं चमचाभर मीठ पुडीत बांधून आणावं, वस्तीतल्या आशाताईला मानाने बोलवावं, आणि ज्या पुडीतलं मीठ पांढरंच राहील त्या घरच्या सासूबाईंना तिथेच सांगावं की शेंदेलोणाची बरणी पुन्हा वरच्या फळीवर ठेवा.